लांब पल्ल्याची धाव

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही धावण्याविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून तुम्हांला हसू येईल. तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमचा सगळा जन्म धावण्यातच गेला. कधी एस.टी.च्या मागे धावलो, कधी सुटलेल्या बैलामागे धावलो. आता आणखी कुठं धावायचं?

तुमचे म्हणणे खरे आहे. पण ते धावणे वेगळे आणि आज सांगायचे ते वेगळे. बैल सापडला की ते धावणे संपते. आज सांगायचे आहे ते वर्षानुवर्षे चालणारे धावणे. मनात एक मोठा हेतू धरायचा आणि त्याच्याकडे रोज थोडे थोडे जायचे, असे ते धावणे.

पहाटे पाच वाजता पाझर तलावाच्या रस्त्याला जाऊन पाहा. आपलीच पोरे तिथे धावत असतात. कोणाला पोलिसात जायचे असते, कोणाला सैन्यात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते आणि मुलींना ८०० मीटर. पोरे धावतात, आणि आपण पारावर बसून काय म्हणतो? ‘काय ही थेरं! एवढा जोर शेतात दाखवला असता, तर दोन पोती जास्त झाली असती.’

असे बोलणारांत एके काळी आम्हीही होतो. ती गोष्ट आधी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेत नववीत एक मुलगी होती. नाव सांगत नाही. अंगाने किडकिडीत, पण धावायला लागली की थांबत नसे. तालुक्याच्या शर्यतीत ती १५०० मीटर धावली आणि पहिली आली. पायात चप्पलसुद्धा नव्हती. पुढे जिल्ह्याला जायचे होते. दोन रात्रींचा मुक्काम होता. तिचे वडील आमच्याकडे आले. म्हणाले, ‘‘गुरुजी, तुम्ही सांगाल तसं. पाठवू का?’’

आम्ही म्हणालो, ‘‘पोरीची जात. सुगीचे दिवस. राहू द्या. धावून का कुणाचं पोट भरतं?’’

वडील गेले. मुलगी जिल्ह्याला गेली नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली, खाली मान घालून बसली. एक शब्द बोलली नाही. पण त्यानंतर ती मैदानावर कधी उतरली नाही. दहावीनंतर तिचे लग्न झाले. आम्हीही ती गोष्ट विसरून गेलो.

ती आठवली २०१६ साली. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात ब्राझील देशात रिओ या शहरी ऑलिंपिकचे सामने झाले. ऑलिंपिक म्हणजे साऱ्या जगाची जत्रा. दर चार वर्षांनी भरते. तिथे सातारा जिल्ह्यातली एक मुलगी धावली. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर.

माण तालुका कसा आहे, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पाऊस रुसलेला मुलूख. तिथल्या शेतकऱ्याची ही लेक. ती आधी मॅरेथॉन धावत असे. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि १९५ मीटरांची धाव. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत ती २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे पहिली आली. मग तिने आपली शर्यत बदलली. अडथळ्यांची शर्यत घेतली. तिला स्टीपलचेस म्हणतात.

ही शर्यत कशी असते ते समजून घ्या. अंतर ३००० मीटर, म्हणजे ३ किलोमीटर. वाटेत लाकडाचे जाड आडवे अडसर असतात. पुरुषांसाठी ते तीन फूट उंच असतात, स्त्रियांसाठी अडीच फूट. साध्या अडथळ्यांच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो. हे अडसर पडत नाहीत. पाय लागला तर माणूसच पडतो. असे २८ अडसर ओलांडायचे. त्याशिवाय सात वेळा अडसरापलीकडे पाण्याचा खड्डा असतो. त्यावरून झेप घ्यायची, पाण्यात पडायचे आणि ओल्या पायांनी पुढे धावायचे. दम लागलेला, पाय जड झालेले, आणि पुढे अडसर उभाच. संसारासारखीच ही शर्यत.

२०१४ साली इंचिऑनच्या आशियाई सामन्यांत ललिताने या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. पुढच्याच वर्षी ती आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पहिली आली. रिओला प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंद ही वेळ दिली. तो भारताचा नवा विक्रम झाला आणि ती अंतिम शर्यतीत पोहोचली. ऑलिंपिकमध्ये मैदानी धावण्याच्या वैयक्तिक अंतिम शर्यतीत भारताची स्त्री यापूर्वी पोहोचली होती ती १९८४ साली. ती पी. टी. उषा. मध्ये ३२ वर्षे गेली होती. अंतिम शर्यतीत ललिता दहावी आली. पुढे ती महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्यात अधिकारी झाली.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. नववीतली ती मुलगी डोळ्यांपुढे आली. ती ललिता झाली असती, असे आम्ही म्हणत नाही. ते कोण सांगणार? कदाचित जिल्ह्याला गेली असती आणि शेवटून पहिली आली असती. पण तिला धावून पाहू द्यायला हवे होते. तिची शर्यत आम्ही पारावर बसूनच संपवली. ‘धावून का कुणाचं पोट भरतं’ हे आमचे वाक्य आम्हीच गिळायला हवे होते.

आता दुसरी गोष्ट ऐका. ही बीड जिल्ह्यातली. आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तोही दुष्काळी भाग. तिथे १९९४ साली अविनाश साबळे जन्मला. आईबाप वीटभट्टीवर राबत. घरापासून शाळा सहा किलोमीटर. गाडीघोडे काही नाही. हा पोरगा ते अंतर कधी चालत, कधी धावत काटायचा. तेव्हा विक्रम करावा असे त्याच्या मनात नव्हते. शाळेला उशीर होऊ नये एवढेच मनात होते.

बारावी झाल्यावर घराला हातभार लावायला तो सैन्यात भरती झाला. महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. २०१५ साली सैन्याच्या रानावनातल्या शर्यतींत तो धावू लागला. पण मध्ये दुखणे आले आणि वजन वाढले. लोकांना वाटले, हा गडी संपला. त्याने पंधरा-वीस किलो वजन उतरवले आणि पुन्हा उभा राहिला. अमरीश कुमार नावाच्या सैन्यातल्या शिक्षकाने त्याला अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवले.

तरी वाट सरळ नव्हती. २०१८ च्या आशियाई सामन्यांसाठी त्याची निवड झाली नाही. घोटा दुखावला होता. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आपल्या नशिबातच नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला त्याने ही शर्यत ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पुरी केली. गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा विक्रम होता ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा. ३७ वर्षे तो कोणाला मोडता आला नव्हता. तो अविनाशने मोडला.

इथून पुढचे नीट ऐका. आजच्या भाषणातले मुख्य सांगणे तेच आहे.

विक्रम झाला, म्हणून तो थांबला नाही. २०१९ साली दोहा येथे जागतिक स्पर्धा झाली. प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या पडण्या-अडखळण्यात तो अडकला. भारताने तक्रार केली, ती मान्य झाली, आणि त्याला अंतिम शर्यतीत धावायला मिळाले. तिथे त्याने ८ मिनिटे २१.३७ सेकंद वेळ दिली. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ८ मिनिटे १८.१२ सेकंद. तरीही अंतिम फेरी हुकली. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत ८ मिनिटे ११.२० सेकंद, आणि रुपेरी पदक. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या राष्ट्रकुल सामन्यांत या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनिया देशाच्या धावपटूंनी नेली होती. त्यांच्यात हा मांडव्याचा पोरगा घुसला. सुवर्णपदक किती अंतराने गेले? सेकंदाचे शंभर भाग करा, त्यातले पाच भाग. पापणी लवायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो.

२०२३ साली चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई सामन्यांत त्याने सुवर्णपदक घेतले. या शर्यतीत भारतीय पुरुषाने मिळवलेले ते आशियाई सामन्यांतले पहिलेच सुवर्ण. आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसला त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंद वेळ दिली.

आता हिशेब करू या. तुम्ही आता आकडे वाचता, वजाबाकी करता. फळ्यावर मांडा. २०१८ साली ८ मिनिटे २९.८० सेकंद. २०२४ साली ८ मिनिटे ९.९१ सेकंद. फरक किती? १९.८९ सेकंद. म्हणजे वीस सेकंदसुद्धा पुरते नाहीत.

वीस सेकंद म्हणजे किती, बरे? तांब्याभर पाणी प्यायला तेवढा वेळ लागतो. चपला घालून उंबरा ओलांडायला तेवढा वेळ लागतो. तेवढे वीस सेकंद कमी करायला सैन्यातल्या धडधाकट गड्याला जवळजवळ सहा वर्षे लागली. वर्षाला साडेतीन सेकंदसुद्धा नाहीत. या काळात त्याने आपलाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडला. दर वेळी थोडासाच. पण थोडे थोडे मिळून तो जगातल्या मोठ्या धावपटूंच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मंडळी, मोठा हेतू असा गाठला जातो. आळंदीहून पंढरपूर एका दिवसात कोणी चालत नाही. वारकरी सकाळी उठून पंढरपूर मोजत नाही, आजचा मुक्काम मोजतो. आजचा मुक्काम गाठला की उद्याचा. मुक्काम करता करता एक दिवस कळस दिसतो. हेतू पंढरीएवढा मोठा असावा, पण पाऊल आजच्या मुक्कामापुरते असावे. आपले चुकते ते इथेच. हेतू लहान धरतो आणि घाई मोठी करतो.

आमच्या माहितीतला एक तरुण भरतीची तयारी करू लागला. पहिल्याच दिवशी जोडीदारांच्या पैजेवर तलावापर्यंत जीव तोडून धावला. वाटेत उलटी झाली. दुसऱ्या दिवशी पाय उचलेनात. चौथ्या दिवशी म्हणाला, ‘‘गुरुजी, धावणं हे आपलं काम नव्हे.’’ आम्ही त्याला म्हणालो, ‘‘बाबा रे, तू धावलास कुठं? तू तर पळालास.’’

म्हणून जी मुले-मुली धावू लागली आहेत, त्यांच्या आईबापांना चार गोष्टी सांगतो.

सुरुवात चालण्याने करावी. मग थोडे चालावे, थोडे धावावे. धावताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला, असे समजावे. अंतर एकदम वाढवू नये. आठवड्यातून एखादा दिवस पायांना विसावा द्यावा. बैलालासुद्धा आपण बेंदराला खांदेमळणी करून विसावा देतो, मग पोराला नको का?

धावणाऱ्याला पोटभर खाऊ घालावे. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, जमेल तसे दूध-अंडी, हे पुष्कळ झाले. डब्यातल्या महागड्या पावडरीवाचून काही अडत नाही. मुलीच्या ताटात मुलाएवढेच वाढावे. तीही तेवढीच धावते.

रस्त्याने धावताना समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने धावावे. पहाटे अंधार असतो, म्हणून पांढरे कपडे घालावेत.

आणि उन्हात धावू नये. हे फार महत्त्वाचे आहे. २०१४ साली जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्यात काही तरुण दगावले. तेही कोणाचे तरी लेकच होते. छातीत दुखू लागले, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबावे, सावलीत बसावे आणि डॉक्टरांना दाखवावे. लोक हसतील म्हणून धावत राहू नये. आज थांबलेला उद्या धावू शकतो. नेट धरणे वेगळे आणि हट्ट करणे वेगळे.

आता एक काम तुमच्यासाठी. तुम्ही या वर्गात लिहायला शिकलात ना? मग दहा रुपयांची एक वही घ्या. घरातले पोर धावून आले की त्यात लिहा. आजची तारीख, किती अंतर, किती वेळ. ‘आज पाऊस, धावले नाही’ असेही लिहा. खरे तेच लिहा. महिन्याने मागची पाने उलटा. रोज पाहताना काहीच फरक दिसत नाही. रोपटे रोज पाहिले तर वाढताना दिसते का? पण वहीत फरक दिसतो. महिन्यात दहा सेकंद कमी झाले, तर पोराला वाटते आपण पुढे जातो आहोत. आणि आईने किंवा बापाने स्वतःच्या हाताने तो आकडा लिहिला, तर पोराच्या पायांना केवढे बळ येते!

कोणी विचारील, गुरुजी, एवढं करून भरतीत नंबर नाही लागला तर? प्रश्न रास्त आहे. जागा थोड्या असतात, धावणारे हजारो असतात. पुष्कळांचा नंबर लागणार नाही. आम्ही खोटी आशा दाखवत नाही. त्यासाठी शिक्षण सोडू नये, हाताला दुसरे काम येत असावे. अविनाशलाही सगळे मिळाले नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम शर्यतीत धावला. या शर्यतीत तिथवर पोहोचलेला तो पहिलाच भारतीय पुरुष. पण पदक नाही मिळाले, अकरावा आला. २०२५ सालच्या जुलैत मोनॅकोला शर्यतीत पडला आणि त्याचा गुडघा दुखावला. धावणाऱ्याच्या वाट्याला हेही येते.

पण आमच्या पाहण्यात आले आहे ते सांगतो. ज्या पोराने दोन वर्षे नेमाने पहाटे उठून धाव घेतली, त्याचा भरतीत नंबर लागला नाही तरी ते पोर वाया गेले नाही. त्याला वेळेवर उठण्याची सवय लागली. व्यसनाला पैसा आणि दम दोन्ही जातात, हे त्याला स्वतःच्या छातीने कळले. आणि काम अवघड आले की घाबरायचे नाही, त्याचे तुकडे करायचे, हे तो शिकला. तो दुकान घालो, शेती करो, नाहीतर ट्रॅक्टर चालवो, ही विद्या त्याच्यापाशी राहते.

तुमचेही तसेच नव्हे काय? या वर्गात पहिल्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा पाटीवर ‘ग’ काढताना हात थरथरत होता. एक आजीबाई म्हणाल्या होत्या, ‘‘गुरुजी, म्हातारपणी कुठं हे खूळ!’’ आज त्याच आजीबाई एस.टी.ची पाटी वाचून गाडीत चढतात. एका दिवसात नाही झाले ते. एक एक अक्षर, एक एक मुक्काम.

शेवटी त्या नववीतल्या मुलीविषयी सांगून थांबतो. मागच्या दिवाळीत ती माहेरी आली होती. बरोबर सतरा वर्षांची लेक होती. आम्ही पारावर बसलो होतो. ती जवळ आली, पाया पडली आणि म्हणाली, ‘‘गुरुजी, हिला भरतीसाठी धावायचंय. घरचे नको म्हणतात. काय करू?’’

तिने तो जुना प्रसंग काढला नाही. तिच्या मनात तो होता की नव्हता, आम्हांला माहीत नाही. आमच्या मनात मात्र होता. आम्ही म्हणालो, ‘‘बाई, मागं एकदा मी चुकलो. हिला धावू दे. तुझ्या घरच्यांशी मी बोलतो.’’

आणि आम्ही जाऊन बोललो. एका बैठकीत ते ऐकले नाहीत. तीन वेळा जावे लागले. तिसऱ्या वेळी म्हणाले, ‘‘बरं, सहा महिने पाहू.’’ आता ती पोर रोज पहाटे धावते. तिच्या आईने वही घातली आहे. पुढे काय होईल ते होईल. पण ती धावते आहे.

तेव्हा उद्या पहाटे आपले पोर चपला शोधू लागले, तर ‘कुठं निघालास’ म्हणून त्याच्यावर खेकसू नका. दाराची कडी काढून द्या. आल्यावर प्यायला पाणी द्या. आणि वही उघडून विचारा, ‘‘आज किती?’’